इंग्रजीच धड येत नाही, तर जर्मन कसं येणार?

नाशिकला कॉलेज रोडवरून कॅनडा कॉर्नरकडे निघालात की हल्ली मान वर करूनच चालावं लागतं. पहिल्या-दुसऱ्या मजल्यांवर पूर्वी सीईटी आणि टॅलीच्या क्लासेसच्या पाट्या असायच्या. आता त्यांच्या शेजारी जर्मन, जपानी, फ्रेंच अशी नावं दिसतात. पाटीवर एखादं विमान, एखादा झेंडा आणि हमखास एखादं आश्वासन : ‘९० दिवसांत बी-वन’, ‘शून्यापासून अस्खलितपर्यंत’, ‘इंग्रजीचं ज्ञान आवश्यक’.

या पाट्या उगाच उगवलेल्या नाहीत. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेमबर्ग या राज्याशी करार केला. नर्स, इलेक्ट्रिशियन, ड्रायव्हर, प्लंबर अशी १० हजार कुशल माणसं तिकडे पाठवायची आणि त्यासाठी त्यांना जर्मन शिकवायचं, अशी ती योजना. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जर्मनीने भारतीय कुशल कामगारांसाठीचे व्हिसा वर्षाला २० हजारांवरून ९० हजारांपर्यंत वाढवण्याची घोषणा केली. नाशिककरांना हे राज्य तसं परकं नाही. आपण ज्याला मायको सर्कल म्हणतो, त्यातली ‘मायको’ म्हणजे मोटर इंडस्ट्रीज कंपनी. २००८ पासून तिचं नाव बॉश लिमिटेड आहे. आणि मूळ बॉश कंपनी सुरू झाली १८८६ मध्ये, स्टुटगार्टला, म्हणजे याच बाडेन-व्युर्टेमबर्गच्या राजधानीत. फरक इतकाच, की तेव्हा तिकडची कंपनी इकडे आली आणि आता इकडच्या माणसांना तिकडे जायचंय. त्यासाठी भाषा लागते.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, वय २८. आमचे क्लायंट जर्मन असल्यामुळे गेली पाच वर्षं रोज दुपारी त्या भाषेशी गाठ पडते. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी सुरू केलेलं जर्मन मी बी-टूपर्यंत नेलं. त्यामुळे नातेवाइकांमध्ये मी ‘जर्मन येणारी’ म्हणून ओळखली जाते आणि कुणाच्याही मुलाने क्लास लावायचा ठरवला की फोन मला येतो. त्या फोनांतली वाक्यं आता पाठ झालीत. सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं वाक्य माझ्या मामेबहिणीचं आहे. ती २४ वर्षांची, सटाण्याची, मराठी माध्यमातून शिकलेली. जीएनएम करून नाशिकच्या एका हॉस्पिटलमध्ये नर्स आहे आणि तिला जर्मनीला जायचंय. क्लास सुरू होऊन तीन आठवडे झाल्यावर ती मला म्हणाली, “ताई, मला इंग्रजीच धड येत नाही. जर्मन कसं येणार?”

परकी भाषा शिकण्याबद्दलचे आपले बहुतेक गैरसमज या एका वाक्यात सापडतात. नीट पाहिलं तर त्यात भाषेबद्दल फारसं काही नाही. ‘भाषा शिकणं हे आपल्यासारख्यांचं काम नाही’ एवढंच ते सांगतं. म्हणून त्या वाक्याचं उत्तर जरा सविस्तर द्यावंसं वाटतं.

‘आधी इंग्रजी, मग बाकीचं’

तिच्या क्लासमध्ये जर्मन इंग्रजीतून शिकवत. म्हणजे तिला आधी अर्धवट येणाऱ्या भाषेतला नियम समजून घ्यायचा होता आणि मग त्या नियमातून अजिबात न येणाऱ्या भाषेकडे जायचं होतं. गंमत अशी, की इंग्रजीतून जाताना जर्मनमधल्या ज्या गोष्टी अवघड वाटतात, त्यातल्या बऱ्याच मराठीत जन्मापासून आपल्याकडे असतात.

लिंगाचंच घ्या. इंग्रजीतून शिकणाऱ्याला जर्मनचे ‘डेर, डी, डास’ म्हणजे छळ वाटतो. निर्जीव वस्तूला कशाला हवं लिंग? पण आपण तर ‘तो चमचा, ती सुरी, ते ताट’ म्हणत मोठे झालो. जर्मनमध्ये चमचा ‘डेर’, काटा ‘डी’ आणि सुरी ‘डास’. कुठल्या वस्तूला कुठलं लिंग हे पाठच करावं लागतं, त्यातून सुटका नाही. पण वस्तूंना तीन लिंगं असतात आणि ती तर्काने ठरत नाहीत, हे मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

आकड्यांचंही तसंच. जर्मनमध्ये २१ म्हणजे ‘आइन-उंड-त्स्वान्त्सिश’, शब्दशः ‘एक आणि वीस’. इंग्रजीतून येणारे इथे गोंधळतात. पण आपला ‘एकवीस’ काय वेगळा आहे? एक आधी, वीस नंतर. ४५ म्हणजे त्यांचं ‘पाच आणि चाळीस’, आपलं ‘पंचेचाळीस’. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘सत्तेचाळीस’ऐवजी ‘चाळीस सात’ वाचायची पद्धत आली आणि केवढा वाद झाला, ते आठवत असेल. जर्मनीतही ‘एक आणि वीस’ सोडून ‘वीस-एक’ म्हणावं, असा आग्रह धरणारी एक संस्था आहे. म्हणजे दुखणंसुद्धा सारखंच.

मग वाक्यरचना. ‘कारण मी उद्या पुण्याला जाते’ याचं जर्मन ‘वाइल इश मॉर्गन नाख पुणे फारे’. वाइल म्हणजे कारण, इश म्हणजे मी, मॉर्गन म्हणजे उद्या, नाख पुणे म्हणजे पुण्याला, फारे म्हणजे जाते. एकही शब्द जागचा हलवावा लागत नाही. इंग्रजीतून गेलात तर क्रियापद आधी मध्ये येतं आणि मग ते उचलून शेवटी न्यावं लागतं. सगळी जर्मन वाक्यं अशी जुळत नाहीत. साध्या वाक्यात क्रियापद दुसऱ्या जागी येतं. पण इंग्रजीवाले ज्या वाक्यांना घाबरतात, नेमकी तीच आपल्याला घरची वाटतात.

आणि मला सगळ्यात आवडणारं उदाहरण थंडीचं. इंग्रजी माणूस स्वतःच थंड असतो, ‘आय अ‍ॅम कोल्ड’. ते तसंच जर्मनमध्ये नेऊन ‘इश बिन काल्ट’ म्हटलं तर ‘मी भावनाशून्य आहे’ अशा वळणाचा अर्थ निघतो. जर्मन माणूस म्हणतो ‘मिअर इस्ट काल्ट’. मिअर म्हणजे ‘मला’. मला थंडी वाजते. बहिणीला हे सांगितलं तेव्हा ती पटकन म्हणाली, “म्हणजे ‘माले’!” तिच्या घरात अहिराणी बोलतात. तिथे ‘मला’ला ‘माले’ म्हणतात. त्या दिवसापासून तिच्या वहीत इंग्रजीचा रकाना बंद झाला. जर्मनसमोर मराठी, आणि मराठीत नेमका शब्द नसेल तर अहिराणी.

उच्चारातही आपण रिकाम्या हाताने जात नाही. जर्मनमधला ‘त्स’ इंग्रजी बोलणाऱ्यांना शब्दाच्या सुरुवातीला जड जातो. आपण ‘चोर’ आणि ‘चाक’ म्हणताना तो रोज काढतो. ‘उमलाउट’वाले स्वर मात्र आपल्याकडे नाहीत, ते आरशासमोर ओठ गोल करून शिकावेच लागतात.

इंग्रजी येत असेल तर फायदा होतोच. काही शब्द ओळखीचे निघतात, पुस्तकं आणि व्हिडिओ जास्त मिळतात. पण ती अट असल्यासारखं सांगणं म्हणजे सटाण्याहून नाशिकला येणाऱ्याला आधी मुंबईला जाऊन या म्हणण्यासारखं आहे.

‘काहींना भाषा येते, काहींना नाही’

आपण मराठीत म्हणतो, ‘मला पोहता येतं’, ‘तिला स्वयंपाक येतो’, ‘त्याला जर्मन येतं’. पाऊस येतो, ताप येतो, तशी भाषाही येते. आली तर आली. व्याकरण म्हणून यात काही चूक नाही, पण मनात एक समजूत पक्की होते, की भाषा ही देणगी आहे आणि ती वाटली जात होती तेव्हा आपण रांगेत नव्हतो.

मी आजीला एकदा विचारलं, “तुला किती भाषा येतात?” ती म्हणाली, “एकच. मराठी. तीबी साधीच.” ही आजी घरात अहिराणी बोलते, शाळेच्या मास्तरांशी मराठी, द्राक्षबागेत कामाला आलेल्या परप्रांतीय मजुरांशी हिंदी. आणि सटाण्याहून सुरतेकडे लग्न होऊन गेलेल्या नणंदेच्या सासरच्यांशी ती जे बोलते, ते ऐकून गुजराती माणसाला उत्तर देता येतं. चारही भाषा तिने कामापुरत्या, चुका करत, हातवारे करत मिळवल्या. त्यातली एकही ती मोजत नाही, कारण कुठल्याचंही सर्टिफिकेट नाही आणि एकही इंग्रजी नाही.

पंचवटीत किंवा त्र्यंबकेश्वरला जा. यजमान गुजराती असो, हिंदी असो की दक्षिणेकडचा, त्याच्या भाषेत विचारपूस करणारे तीर्थपुरोहित भेटतात. भद्रकालीच्या बाजारात तीन भाषांमधून घासाघीस करणारे व्यापारी भेटतात. यांना आपण ‘बहुभाषिक’ म्हणत नाही. तो शब्द आपण विमानतळावर शोभणाऱ्या माणसांसाठी राखून ठेवलाय.

शब्द लक्षात राहण्यात, आवाजातले बारकावे ऐकू येण्यात माणसामाणसांत फरक असतो. माझ्याबरोबर शिकणाऱ्या एका मुलीला एकदा ऐकलेला शब्द कायमचा लक्षात राहायचा. मला तो सात-आठ वेळा भेटावा लागायचा. या फरकाने वेळ कमी-जास्त लागतो. जिने एका घरात दोन भाषा वापरत बालपण काढलंय, तिला तिसरी ‘येणारच नाही’ असं मात्र या फरकावरून म्हणता येत नाही.

‘आता वय राहिलं नाही’

हे मी २२ वर्षांच्या मुलांकडूनही ऐकलंय.

आमच्या शेजारचे काका ओझरहून निवृत्त झाले. ओझरला हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा कारखाना १९६४ मध्ये मिग-२१ विमानांसाठी उभा राहिला. पुढे तिथेच मिग-२७ आणि मग सुखोई-३० बनली. विमानं रशियन घराण्याची, त्यामुळे काकांच्या टेबलावर रशियन कागद यायचे. तिशी ओलांडल्यावर ते रशियन शिकले. लिपी नवी. त्यातही इंग्रजी ‘पी’सारखं दिसणारं अक्षर ‘र’ आणि ‘एच’सारखं दिसणारं अक्षर ‘न’. मी त्यांना विचारलं, अवघड नाही गेलं? ते म्हणाले, “सहाच विभक्त्या आहेत गं. आपल्याकडे शाळेत आठ घोकल्या होत्या.” ‘द्वेर’ म्हणजे दार आणि ‘अगोन’ म्हणजे अग्नी, हे शब्द त्यांनी पहिल्याच आठवड्यात हेरले होते. आजही ते रशियन बोलताना अडखळतात, पण छापील पान वाचून दाखवतात. कामासाठी त्यांना तेवढंच हवं होतं.

मागे गेलं तर याहून मोठी माणसं दिसतात. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात उतरला तेव्हा तिशीच्या घरात होता. त्यानंतर तो इथली भाषा शिकला आणि १६१६ मध्ये त्याचं ‘ख्रिस्तपुराण’ छापून झालं : सुमारे ११ हजार मराठी ओव्या. पंडिता रमाबाईंनी बायबल मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून मराठीत आणायचं ठरवलं, त्या भाषांचा अभ्यास केला आणि १९२२ मध्ये निधन होईपर्यंत त्या कामात राहिल्या. आणि धर्मानंद कोसंबी. १८७६ मध्ये गोव्यातल्या साखवाळचा जन्म, शाळा नावापुरती. विशीत घर सोडलं, संस्कृत शिकले, पाली शिकायला श्रीलंकेला गेले, पुढे हार्वर्डला पाली ग्रंथांवर काम करायला बोलावणं आलं. तिथे असताना ते रशियन शिकले आणि १९२९ मध्ये लेनिनग्राडला शिकवायला गेले. इंग्रजी माध्यम, लहान वय, उत्तम शाळा यातलं त्यांच्याकडे काहीच नव्हतं.

संशोधन काय सांगतं? १९७८ मध्ये कॅथरीन स्नो आणि मारियान हूफनागेल-होले यांनी नेदरलँड्समध्ये राहायला आलेल्या इंग्रजी भाषकांना डच शिकताना तपासलं. पहिल्या काही महिन्यांत सगळ्यात वेगाने पुढे गेली ती किशोरवयीन मुलं आणि प्रौढ माणसं. ३ ते ५ वर्षांची मुलं मागे होती. २०१८ मध्ये हार्टशोर्न, टेनेनबाउम आणि पिंकर यांनी सुमारे पावणेसात लाख लोकांच्या ऑनलाइन चाचणीतून काढलं, की व्याकरण आत्मसात करण्याची क्षमता साधारण १७ वर्षांपर्यंत टिकते आणि मग घसरते. अगदी मातृभाषकासारखं व्याकरण हवं असेल तर लहानपणी सुरुवात केलेली बरी. पण नर्सला ‘अगदी मातृभाषकासारखं’ लागत नाही. तिला बी-टू लागतं. त्या दोन्हींत बरंच अंतर आहे, आणि ‘वय राहिलं नाही’ म्हणणारा माणूस ते अंतर पाहतच नाही.

‘९० दिवसांत’

आता उलट्या बाजूचा गैरसमज. पहिले तीन माणसाला घाबरवतात, हा लुबाडतो.

भाषेच्या ए-वन ते सी-टू या पायऱ्या कौन्सिल ऑफ युरोपने २००१ मध्ये प्रसिद्ध केल्या. कुठल्या पायरीला किती वेळ लागतो, याचा अंदाज खुद्द गोएथे इन्स्टिट्यूट देते : शून्यापासून बी-वनपर्यंत ४५ मिनिटांचे साधारण ३५० ते ६५० तास, आणि बी-टूपर्यंत ६०० ते ८००. घड्याळी तासांत बी-वन म्हणजे २६० ते ४९०. आता ९० दिवसांतून रविवार वजा करा, रोजचे दोन तास धरा. दीडशेच्या आसपास तास होतात. उरलेले किमान शंभर तास घरी रोज अभ्यास केला तरच भरून निघतात, आणि पाटीवर हे लिहिलेलं नसतं.

तुलनेसाठी अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याचा अंदाज पाहा. आपल्या अधिकाऱ्यांना कामापुरती भाषा यायला ते जर्मनसाठी ३० ते ३६ आठवडे धरतात आणि जपानीसाठी ८८ आठवडे, म्हणजे २२०० वर्गतास. तेही पगार चालू असताना, पूर्णवेळ, छोट्या वर्गात. जपानी म्हटल्यावर आपल्याला हा आकडा थोडा कमी करता यावा, कारण क्रियापद शेवटी आणि प्रत्यय शब्दाच्या मागे हे मराठीसारखंच. पण हजारो कांजी कुणालाच चुकत नाहीत.

बहिणीच्या क्लासने तीन महिन्यांचे ७५ हजार घेतले होते. मामाने ते कांद्याच्या पैशातून दिले. ९० दिवस संपले तेव्हा ती ए-टूच्या मध्यावर होती. वेळेच्या हिशेबाने ती बरोबर तिथेच असायला हवी होती. पण पाटीवर ‘बी-वन’ लिहिलेलं असल्यामुळे तिने अर्थ काढला : पाटी खरी, मीच ढ. खोट्या आश्वासनाने पैसे जातात ते जातातच, वर माणूस स्वतःला नापास करून घेतो. ‘तीन महिन्यांत नाही झालं म्हणजे आपल्याला भाषा जमत नाही’ असं म्हणून सोडून देणारी किती मुलं असतील!

आम्ही दोघींनी कागदावर हिशेब मांडला. ड्युटीच्या दिवशी एक तास, सुट्टीच्या दिवशी तीन. बी-वनला अजून आठ महिने, बी-टूला त्यानंतर वर्षभर. कागद पाहून ती खूश झाली नाही, पण त्या रात्री तिने क्लासला शिव्या घातल्या, स्वतःला नाही. मला ती प्रगती वाटली.

‘तिथं गेलं की आपोआप येतं’

माझ्या ओळखीतले काही आयटीवाले म्युनिक-फ्रँकफर्टला सहा-सात वर्षं राहून आलेत. ऑफिस इंग्रजीत, मित्र भारतीय, किराणा सेल्फ-चेकआउटवर. त्यांना ‘डांके’ आणि ‘च्युस’ येतं. हवेतून भाषा अंगात शिरत नाही. तिच्यात काहीतरी करावं लागावं, अशी गरज रोज पडावी लागते.

याचं एक मराठी उदाहरण मला महत्त्वाचं वाटतं. कोकणातले आणि मुंबईतले बेने इस्रायली लोक १९४८ नंतर मोठ्या संख्येने इस्रायलला गेले. त्यांची बोली मराठी, प्रार्थनेपलीकडे हिब्रू फारशी नाही. त्या देशात सगळीकडूनच असे लोक येत होते, म्हणून तिथे ‘उल्पान’ नावाच्या हिब्रू शिकवणाऱ्या शाळा १९४९ पासून सुरू झाल्या. मोठी माणसं रोज वर्गात बसून शिकायची. संपूर्ण देश हिब्रू बोलायच्या मागे लागलेला असतानाही ‘आपोआप येईल’ यावर कुणी विसंबलं नाही. आणि या लोकांची मराठी? इस्रायलमधून ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक ते काढत आले. नवी भाषा आली की जुनी जाते, या भीतीलाही तेच उत्तर आहे.

‘आता एआय आहे की’

हा सगळ्यात नवा समज, आणि माझ्या धंद्यातल्या लोकांकडून सगळ्यात जास्त ऐकू येणारा. मी स्वतः रोज भाषांतराची टूल्स वापरते. क्लायंटचा लांबलचक मेल, कराराचा मसुदा, चुका तपासणं, यासाठी ती उत्तम आहेत. पर्यटकाला तर दुसरं काही लागतच नाही.

पण बहिणीची नोकरी डोळ्यांसमोर आणा. रात्रीचे तीन, हातात ग्लोव्ह्ज, समोर ८० वर्षांच्या बाई, ज्यांना धड बोलवत नाही. त्या सांगतायत कुठे दुखतं आणि कसं दुखतं. दुखण्याला मराठीत किती शब्द आहेत बघा : कळ येते, ठणका लागतो, चमक भरते, सणक जाते, हुळहुळतं, रग लागते. बहीण पेशंटच्या तोंडून ‘चमक’ ऐकते की ‘ठणका’, यावर डॉक्टरला काय सांगायचं ते ठरतं. जर्मनमध्येही ‘श्टेशेंड’ म्हणजे टोचल्यासारखं, ‘डुम्फ’ म्हणजे मंद, ‘पोखेंड’ म्हणजे ठणकणारं, ‘त्सीएंड’ म्हणजे ओढल्यासारखं. खिशातला फोन काढून, अनलॉक करून, आजीबाईंच्या तोंडासमोर धरायला त्या वेळी सवड नसते. शिवाय घाबरलेल्या माणसाला यंत्राकडून उत्तर नको असतं. परिचारिका म्हणून मान्यता देताना तिथे बी-टू मागतात, ते याच प्रसंगांसाठी.

हसण्याची भीती

इतकं सगळं सांगून झाल्यावरही एक गोष्ट उरते, जी कुठल्याच हिशेबात बसत नाही. बहिणीला उत्तर येत असायचं आणि ती वर्गात बोलायची नाही. नाशिकला पहिल्यांदा होस्टेलवर आली तेव्हा ‘पानी’ म्हटल्यावर मुली हसल्या होत्या. बोलता बोलता तोंडून ‘शे’ निघून गेलं तेव्हा महिनाभर तिला त्याच शब्दाने हाक मारत होत्या. ‘आहे’ला अहिराणीत ‘शे’ म्हणतात, एवढाच तो गुन्हा. इंग्रजी बोलताना काय झालं असेल ते सांगायला नको. आपल्याकडे भाषांची उतरंड आहे : वर इंग्रजी, खाली प्रमाण मराठी, त्याखाली अहिराणी. प्रत्येक पायरीवर वरचे खालच्यांना हसतात. दहा-पंधरा वर्षं हे ऐकलेल्या माणसाला चुका करत बोला असं सांगणं सोपं आहे. पण चुका केल्याशिवाय भाषा येत नाही, यालाही इलाज नाही. आपल्याकडे मुलांना परकी भाषा अवघड जाते, त्यातला मोठा वाटा या हसण्याचा आहे असं माझं मत आहे. तो वाटा कमी करायला ना क्लास लागतो, ना अ‍ॅप.

मी तिला बाडेन-व्युर्टेमबर्गची एक गोष्ट सांगितली. तिथे मोठ्या भागात श्वेबिश बोली चालते, आणि पुस्तकातून जर्मन शिकलेल्या माणसाला ती सुरुवातीला कळत नाही. बाकीचे जर्मन त्या बोलीची थट्टाही करतात. १९९९ मध्ये त्या राज्याने स्वतःची जाहिरात केली, तिचा अर्थ असा होता : आम्हाला सगळं जमतं, फक्त प्रमाण जर्मन सोडून. बॉश, मर्सिडीज, पोर्शे यांच्या राज्याने हे छातीठोकपणे सांगितलं. तिने दोनदा विचारलं, “सरकारने? खरंच सरकारने?”

मार्चमध्ये ती एसटीने पुण्याला जाऊन बी-वनची परीक्षा देऊन आली. चार भागांपैकी वाचन, लेखन आणि संभाषण सुटलं, श्रवण राहिलं. प्रत्येक भागाला ६० टक्के लागतात, तिला ५३ मिळाले. राहिलेला भाग वेगळा देता येतो. हॉस्पिटलला जाता-येता बसमध्ये ती आता जर्मन बातम्या ऐकते, आणि रात्रपाळी नसेल तेव्हा मला फोन करून फक्त जर्मनमध्ये बोलते. वाक्यं अर्धी तुटतात, लिंगं चुकतात, मध्येच ‘माले’ येतं. मी मध्ये बोलत नाही. वाक्य पूर्ण होईपर्यंत थांबते.